‘छान झाला’ म्हणून फोन ठेवू नका

पत्र

गुरुजी, नमस्कार.

मी तासगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत अठरा वर्षं शिकवते. शाळा द्विशिक्षकी. माझ्याकडे तिसरी, चौथी, पाचवी, मिळून पट एकतीस. सध्या पुण्याहून काही संशोधक मंडळी येतात. पाचवीच्या अपूर्णांकांसाठी नव्या पाठांचा संच ‘शिक्षकांच्या बरोबरीनं’ तयार करायचा, असं ते म्हणतात. माणसं चांगली आहेत, नम्र आहेत. पण सहा वर्षांपूर्वी एक जण पीएच.डी.साठी आले होते. पूर्वचाचणी घेतली, उत्तरचाचणी घेतली, मुलांच्या वह्या नेल्या. वह्या परत आल्या नाहीत आणि निष्कर्षही आला नाही. आमचे मुख्याध्यापक म्हणतात, “बाई, नसती उठाठेव. फार तर नवोपक्रम स्पर्धेला चार फोटो होतील.”

मागच्या आठवड्यात त्यांचा एक पाठ मी घेऊन पाहिला. पिझ्झाचं चित्र, कागदी गोल चकत्या, कात्री. मुलं खूश. शेवटी विचारलं, १/३ मोठा की १/४? वर्गातला हुशार मुलगाही म्हणाला, “१/४. चार मोठे की!” आणि तोच मुलगा मधल्या सुट्टीत शेजारच्याला म्हणत होता, “पाव भाकरीनं काय हुतंय, निम्मी तरी दे.” संध्याकाळी संशोधक मॅडमचा फोन आला, “कसा झाला पाठ?” मी म्हणाले, “छान झाला.” असं का म्हणाले, माझं मलाच कळलं नाही.

यांच्यात सामील व्हावं का? आणि ते एवढे शिकलेले, त्यांना मी काय सांगणार?

— एक शिक्षिका, तासगाव तालुका


उत्तर

बाई, नमस्कार.

सामील व्हा. उत्तर एवढंच आहे, बाकी सगळं ‘कसं’ याबद्दल. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या ‘छान झाला’पाशीच अडलो, कारण हा शब्द मी नोकरीभर वापरलाय.

नव्वदच्या दशकात मी खटाव तालुक्यात एका शाळेवर होतो. एका प्रकल्पाची मंडळी विज्ञानाच्या पेट्या घेऊन आली. पेटीत भिंग, चुंबक, स्पिरिटचा दिवा आणि एक प्लॅस्टिकचा तराजू. तराजूची दांडी किंचित वाकडी, रिकामा धरला तरी डावं पारडं खाली. पोरांनी पहिल्याच दिवशी पकडलं. एक जण म्हणाला, “गुरुजी, ह्यो तराजू यापाऱ्याचा हाय.” मी काय केलं? दुसऱ्या दिवशी घरून कणकेची गोळी नेली, उजव्या पारड्याच्या पोटाला खालून चिकटवली. तराजू सरळ झाला, पाठ झाला, मंडळी बघून गेली. वर्षाअखेरीला फॉर्म आला. ‘साहित्याविषयी शिक्षकांचा अभिप्राय.’ मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘साहित्य अत्यंत उपयुक्त आहे.’ पुढच्या जूनमध्ये तेच वाकडे तराजू आसपासच्या सगळ्या शाळांत पोचले.

पाठवणाऱ्यांना शिव्या देण्यात मी बरीच वर्षं घालवली. पण दांडी वाकडी आहे हे माहीत असलेल्या माणसानंच खालून गोळी लावून तोंड मिटलं होतं, ही गोष्ट फार उशिरा ध्यानात आली.

गोळी लावण्यात आपण मास्तर लोक पटाईत. उतारा अवघड असला की आपण त्याची गोष्ट करून सांगतो. टॅब चालू झाला नाही की तीच कृती फळ्यावर घेतो. दिलेला प्रश्न पोरांना कळला नाही की आपल्या शब्दांत फिरवून विचारतो, आणि तो फिरवलेला प्रश्न मूळ प्रश्नापेक्षा चांगला असतो, हे आपल्याला कळतही नाही. पाठ पार पडतो. तो त्यांच्या आराखड्यानं पार पडला की आपल्या गोळीनं, ते संध्याकाळपर्यंत आपणही विसरतो. बघणारा खूश, आपण मोकळे.

तुमच्या बाबतीत तर गोष्ट आणखी पुढची आहे. त्या दिवशी तुमच्या हाताला जे लागलं, ते घेऊन तुम्ही घरी गेलात आणि फोनवर ते सांगितलंच नाही. ते नेमकं काय होतं, ते जरा बघू.

पोरानं १/४ मोठा म्हटलं. ही चूक जुनी आहे आणि जगभर सापडते. पूर्ण संख्यांची सवय लागलेलं मूल छेदातला आकडा बघून मोकळं होतं. पुढं दशांशातही हेच. ०.२५ हे ०.५ पेक्षा मोठं, कारण पंचवीस पाचापेक्षा मोठे. पुण्याच्या मंडळींनी हे सगळं वाचलेलं असणार, त्यासाठी त्यांना तासगावला यायची गरज नाही. त्यांच्याकडे नाही ते दुसरं वाक्य, ‘पाव भाकरीनं काय हुतंय, निम्मी तरी दे.’ पाव हा निम्म्यापेक्षा लहान, हे त्या पोराला पक्कं माहीत आहे, आणि तेही पोटातून. त्याचं गाडं ‘लहान-मोठा भाग’ या कल्पनेत अडलेलंच नाही. ‘पाव’ आणि ‘एक छेद चार’ ही एकाच वस्तूची दोन नावं आहेत, एवढंच त्याला कुणी दाखवलेलं नाही. ‘पाव’ या शब्दात चार ऐकू येत नाहीत. ‘एक छेद चार’मध्ये ते ठणठणीत ऐकू येतात आणि तिथंच पोर फसतं.

आणखी जरा खणा. १/३ला घरात शब्द कुठला? पाव, अर्धा, पाऊण आहेत. सव्वा, दीड, अडीच आहेत. आपल्या आज्यांच्या काळात तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ असायचे. पण तिसऱ्या भागाला स्वयंपाकघरात शब्दच नाही. तो शेतात सापडतो, ‘तिसऱ्या वाट्यानं’. कोण कुणाचं रान निम्म्यानं करतं, कोण तिसऱ्या वाट्यानं, हे खेड्यातल्या पोरांच्या कानावर रोज पडतं. त्याच पोराला एकदा विचारून बघा, “तुझ्या आबाला तिसरा वाटा मिळाला तर बरं, का चौथा?” तो १/४ म्हणेल असं मला वाटत नाही.

आणि ‘पावणेदोन’? शब्दात पाव ऐकू येतो, दोन ऐकू येतात. पोर वहीत सव्वादोन लिहून मोकळं. माझ्या वर्गात दर साली दोन-तीन तरी अशी निघायची. पिझ्झाच्या चित्रातून ही चूक कधीच बाहेर यायची नाही, कारण ते चित्र ज्या भाषेतून आलं तिच्यात पावणेदोन किलोला एक शब्दच नाही. तिथं ती चूक होत नाही, म्हणून तिच्यावरचा पाठही तिथं नाही. तो आपल्यालाच करायचा आहे.

हे सगळं तुमच्या मधल्या सुट्टीतल्या एका वाक्यातून निघालं. ‘मी काय सांगणार’ म्हणता ना, हे सांगा. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?

(बेदाण्याचं उदाहरण तुम्हाला एव्हाना सुचलं असेल. चार किलो द्राक्षांचा साधारण किलोभर बेदाणा, शेडवरच्या पोरांना हा हिशेब तोंडपाठ असतो. पण पहिल्या आठवड्यात तो मोह आवरा. तिथं चौथा हिस्सा म्हणजे पाणी उडून उरलेलं वजन, समान वाटणी नव्हे. वाटणीतला पाव पक्का व्हायच्या आत वाळवणातला पाव आला की पोरं गोंधळतील. गुणोत्तर शिकवताना मात्र हे उदाहरण सोन्यासारखं आहे, राखून ठेवा.)

आता ‘ते शिकलेले’ याबद्दल. ॲन ब्राउन नावाच्या एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होत्या. मुलं कशी लक्षात ठेवतात, कशी समजून घेतात, याचा त्यांनी आधी प्रयोगशाळेत अभ्यास केला आणि मग वर्गात आल्या. १९९२ साली त्यांनी एक मोठा लेख लिहिला. त्याचा गाभा आपल्या भाषेत सांगायचा तर असा की, प्रयोगशाळेत एका वेळी एकच गोष्ट बदलून बघता येते, वर्गात एक हलवली की दहा हलतात. म्हणून आराखडा घेऊन वर्गात जायचं, चालवून बघायचा, कुठं मोडतो ते टिपायचं, दुरुस्त करायचा आणि परत चालवायचा. याला डिझाइन एक्सपेरिमेंट असं नाव पडलं. पुढं त्याचा मोठा पसारा झाला. ‘शिक्षकांच्या बरोबरीनं रचना’ म्हणणारी तुमच्याकडची मंडळी बहुधा याच घराण्यातली. आणि या घराण्यात पाठ फसणं ही सगळ्यात कामाची बातमी असते. तुम्ही ‘छान झाला’ म्हणालात तेव्हा तुम्ही त्यांचं मन राखलंत आणि काम बुडवलंत.

परदेशातलंच कशाला, होशंगाबादचं बघा. मध्य प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सहावी ते आठवीच्या सोळा शाळांत विज्ञान शिकवायची नवी पद्धत सुरू केली. पोरांनी स्वतः प्रयोग करून शिकायचं, साहित्य साधं, आसपास मिळणारं. मदतीला टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ. म्हणजे शिकलेल्यांत शिकलेले. पण ‘बाल वैज्ञानिक’ ही त्यांची पुस्तकं शास्त्रज्ञांनी एकदा लिहिली आणि छापली, असं झालं नाही. महिन्याच्या बैठकीला शिक्षक यायचे, हा प्रयोग जमला नाही, हा प्रश्न पोरांना कळला नाही, असं सांगायचे आणि त्यावरून पुस्तकं बदलायची. १९७८ साली कार्यक्रम जिल्हाभर गेला, १९८२ मध्ये त्यातूनच एकलव्य ही संस्था उभी राहिली. २००२ साली सरकारनं तो बंद केला. बंद का केला हा वेगळा आणि कडू विषय आहे, आज तो नको. पण तीस वर्षं तो टिकला, त्यात त्या महिन्याच्या बैठकीचा वाटा मोठा होता असं माझं मत आहे. आपल्याकडे केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद दर महिन्याला होते. तिथं आपण काय करतो, ते तुम्हाला माहीतच आहे. परिपत्रक वाचतो.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांची गोष्ट तर मला फारच आवडते. वर्गातल्या रोजच्या प्रश्नोत्तरांतून, वही तपासण्यातून मुलाला पुढची वाट दाखवली तर शिकणं सुधारतं, हे त्यांनी १९९८ मध्ये आधीच्या कितीतरी अभ्यासांचा धांडोळा घेऊन मांडलं. पण हे वर्गात करायचं कसं, ते त्यांनी ठरवून दिलं नाही. १९९९ पासून सहा शाळांतले गणित-विज्ञानाचे चोवीस शिक्षक बरोबर घेतले आणि सांगितलं, तुमच्या वर्गात काय करायचं ते तुम्ही ठरवा, आम्ही येऊन बघू, बोलू. सुरुवातीला त्या शिक्षकांना वाटलं, यांच्याकडे बरोबर उत्तर आहे, मुद्दाम सांगत नाहीत. आपल्यालाही हेच वाटतं ना? खाली मान घालून तयार टाचणाची वाट बघायची, ही सवय साहेबाच्या देशातही आहे तर.

फलटण तर आमच्या सातारा जिल्ह्यातलं. मॅक्सीन बर्नसन साठच्या दशकात तिथं आल्या त्या भाषाशास्त्राच्या संशोधक म्हणून, फलटणची मराठी कोण कशी बोलतं याचा अभ्यास करायला. त्यावर पीएच.डी. झाली. पण बाई वही मिटून अमेरिकेला गेल्या नाहीत. इथल्याच नागरिक झाल्या, मुलांना वाचायला शिकवायच्या कामात उतरल्या आणि १९८६ मध्ये तिथं कमला निंबकर बालभवन सुरू झालं. प्रत्येक संशोधकानं असं राहावं असं कोण म्हणेल? पण वह्या घेऊन गायब झालेले ते गृहस्थ आणि या बाई ही दोन्ही टोकं तुमच्या डोळ्यांसमोर असू द्या. तुमच्याकडची मंडळी मधे कुठं तरी असतील. कुठं, ते तुम्हाला लवकर कळायला हवं.

त्यासाठी पहिल्या बैठकीत एकच प्रश्न विचारा, “माझ्या वर्गात हे चाललं नाही तर तुम्ही काय बदलाल?”

‘तुम्हाला पुन्हा प्रशिक्षण देऊ’ असं उत्तर आलं तर समजा, तुम्ही फक्त राबवणाऱ्या. मग हो म्हणायचं की नाही ते तुमच्या सवडीवर. ‘पाठ बदलू’ असं उत्तर आलं तर लगेच दुसरा प्रश्न, “कधी?” सहा आठवड्यांनी अहवालाच्या शेवटच्या पानावर, का येत्या सोमवारच्या पाठात? सोमवारी म्हणाले तर ही माणसं कामाची. मग वेळ द्या, घरचं काम थोडं मागं पडलं तरी द्या.

मंडळी कामाची निघाली तर तुमचं काम काय? एक वही घाला. साधी दोनशे पानी, पाठ टाचणाची नव्हे आणि साहेबांना दाखवायचीही नव्हे. पाठाच्या आधी डाव्या पानावर दोन ओळी, पोरं काय करतील असं मला वाटतं. पाठ झाल्यावर उजव्या पानावर, काय केलं. पोराचं एक तरी वाक्य जसंच्या तसं, ‘हुतंय’चं ‘होतंय’ न करता. खाली, गोळी कुठं लावली. म्हणजे आराखड्यात नसलेलं तुम्ही काय केलंत, कुठला प्रश्न फिरवून विचारलात, कुठली चकती टाकून भाकरी घेतलीत. तीन इयत्ता सांभाळून याच्यापेक्षा जास्त लिहिणं होणार नाही, आणि लागतही नाही. त्यांनी आठ पानी निरीक्षण तक्ता दिला तर सरळ सांगा, हा माझ्याच्यानं भरून होणार नाही, मी गाडीची वाट बघताना दोन मिनिटांचा आवाज व्हॉट्सॲपवर पाठवते, तुम्ही उतरवून घ्या. उतरवून घेणं हे त्यांचं काम आहे. आयजीच्या जिवावर बायजी उदार, असं संशोधन नको.

डावं पान वगळू नका. आधी लिहिलं नाही तर नंतर आपल्याला हमखास वाटतं, हे मला माहीतच होतं.

वेळापत्रकाबद्दल तर तुम्हीच बोलायचं, त्यांना ते सुचणार नाही. त्यांचं अनुदान मार्चला संपतं म्हणून ते जानेवारी-फेब्रुवारी धरतील. तुमच्याकडे तेव्हा द्राक्षांची तोड, नंतर बेदाण्याची शेडं. कामाला आलेल्यांची पोरं नव्यानं वर्गात येतात आणि गावातली निम्मी पोरं घरच्या कामाला अडकतात. पहिल्या पाठाला बसलेलं पोर चौथ्या पाठाला नसेल तर कसला संच आणि कसली उत्तरचाचणी? दिवाळीनंतर लगेच घ्या म्हणावं. नाहीच जमलं तर प्रत्येक पाठ स्वतःच्या पायावर उभा राहील असा रचा, कालचं न बघितलेल्या पोरालाही आज शिरता आलं पाहिजे. माझ्या मते तर तसाच रचावा. तुमच्या भागातल्या शाळेला तसाच लागतो.

आता जरा तुमच्याविरुद्ध. संशोधक म्हणतात ते पुस्तकी आणि आपण म्हणतो ते अनुभवाचं, असा गर्व आपल्यात असतो, माझ्यात तर फारच होता. वर्गात मी पोरांना विचार करायला भरपूर वेळ देतो, असं मी पंचवीस वर्षं मानत आलो. एकदा डी.एड.ची एक छात्राध्यापिका मागच्या बाकावर घड्याळ घेऊन बसली. प्रश्न विचारल्यापासून मी दुसऱ्या पोराकडे वळेपर्यंत किती वेळ जातो, ते तिनं मोजलं. एक सेकंद. कधी तेवढाही नाही. मला राग आला. मग कळलं, अमेरिकेत मेरी बड रो या संशोधक बाईंनी असंच मोजलं होतं, तिथल्या शिक्षकांचाही सरासरी सेकंदच भरला होता. तीन सेकंद थांबलं की मुलांची उत्तरं लांबतात, गप्प बसणारीही बोलू लागतात, हे त्यांनी १९७० च्या दशकात दाखवलं. तीन सेकंद! करून बघा, वर्गासमोर उभं राहून ते तासभर वाटतात. हे मला माझ्या अनुभवानं कधीच सांगितलं नसतं, मागच्या बाकावरच्या त्या पोरीनंच सांगितलं.

तेव्हा पुण्याच्या मॅडम मागं बसून काही टिपत असतील तर टिपू द्या आणि विचारा काय टिपलं. माझा अंदाज सांगू? ‘खालचा आकडा मोठा तर तुकडा लहान’ हे सूत्र तुम्ही पोरांना कधी ना कधी पाठ करायला सांगितलेलं असणार. मीही सांगत होतो. १/३ आणि १/४ला ते चालतं. मग २/३ आणि ३/४ समोर आले की पोर त्याच सूत्रानं ३/४ लहान म्हणतं. तिथं तुमची गोळी त्यांना दिसेल, तुम्हाला दिसणार नाही. एवढ्यासाठी तरी दुसरं माणूस वर्गात हवं.

जपानमध्ये शिक्षक हेच एकमेकांसाठी करतात. चार-पाच जण मिळून एक पाठ रचतात, एक जण घेतो, बाकीचे बसून पोरांकडे बघतात, नंतर चर्चा करून पाठ दुरुस्त करतात. शिक्षक कसा बोलला यावर फारसं बोलणं नसतं, पोरं कुठं अडली यावर असतं. आपल्या पाठ निरीक्षणात साहेब बाईंच्या आवाजाची चढ-उतार लिहून जातात.

मुख्याध्यापकांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, फोटोसाठी पुष्कळ काही होतं. २०१५ च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला. त्या सुमाराला आमच्या सातारा तालुक्यातलं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या येत. तिथली पोरं गटात बसून, वस्तू हाताळून शिकताना मी पाहिली आहेत, फार समाधान वाटलं होतं. पण बघून गेलेल्यांपैकी कितीतरी जणांनी गावी जाऊन पहिली गोष्ट केली ती फरशी रंगवायची. रंग नेता येतो, फोटोतही येतो. कुठल्या पोराला काय अडलं म्हणून तो तक्ता फरशीवर आला, ते गाडीत घालून नेता येत नाही. तुमचा संच उद्या दुसऱ्या शाळेत गेला तर त्याबरोबर तुमची ती वहीही गेली पाहिजे, निदान तिच्यातली पानं. हे मंडळींना आत्ताच सांगून ठेवा.

उरलं कागदपत्रांचं, ते पटकन उरकतो. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांचं परवानगीचं पत्र त्यांच्याकडे असलं पाहिजे आणि त्याची प्रत मुख्याध्यापकांच्या फाइलला लागली पाहिजे. मग नसती उठाठेव कोण म्हणेल? पालकांना शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत त्यांनीच येऊन सांगावं, मराठीत, आणि संमती घ्यावी. पोरांची नावं, चेहरे बाहेर जाणार नाहीत. वह्यांचे फोटो काढा म्हणावं, वही शाळेतच राहील. जे काही लिहाल ते छापायच्या आधी मला मराठीत वाचून दाखवा, आणि संचावर रचणाऱ्यांत माझं नाव घाला. शेवटचं हे मागायला तुम्हाला संकोच वाटेल. मलाही वाटायचा. पण आभाराच्या पानावर ‘तसेच सर्व सहभागी शिक्षक’ एवढ्यावर भागवून घेऊ नका.

हे सगळं पुढचं. आधी तो फोन परत करा. फार तयारी नको. “मॅडम, परवा मी छान झाला म्हणाले. पोरं रमली हे खरं. पण शेवटच्या प्रश्नाला निम्म्याहून जास्त वर्ग चुकला आणि मधल्या सुट्टीत एक पोर असं असं म्हणालं. त्यावर बोलायचंय.” किती पोरं चुकली तो आकडा तुमचा तुम्ही घाला, मी अंदाजानं लिहिलाय.

आणि त्या पोराला शेवटी निम्मी भाकरी मिळाली का, ते पत्रात राहिलंच. कळवा.